चौथ्या खोलीतली दोन जाळी

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी आम्हांला वीस-पंचवीस कोळी लागायचे. ते आणायचं काम परबांचं. धोंडू परब आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे लॅब अटेंडंट. घाटकोपरचं आमचं कॉलेज सकाळचं; साडेसहाला भरून एकला सुटायचं. झुरळं, गांडुळं, बेडूक, कोळी, जे म्हणाल ते परब पैदा करून आणत. कुठून आणलं हे विचारलेलं मात्र त्यांना आवडत नसे.

१९८६च्या ऑक्टोबरात त्यांनी बामच्या रिकाम्या बाटलीतून एक कोळी आणला. साडेतीन मिलिमीटरचा, फिकट पिवळा, पोटावर राखाडी पट्टा. अल्कोहोलमध्ये घालून मी तो मायक्रोस्कोपखाली धरला. आठ डोळे दोन ओळींत, पायांवर विरळ काटे, जबड्यांच्या बाहेरच्या अंगाला बारीक रेघा. म्हणजे चादरी जाळं विणणाऱ्यांपैकी. हे कोळी झुडपांत पातळ चादरीसारखं आडवं जाळं विणतात आणि तिच्या खालच्या बाजूला उलटे लटकून राहतात. वर काही येऊन पडलं की खालून चावतात. जात ठरवायची तर मादीच्या पोटाखालची जननपट्टिका बघावी लागते, ती प्रत्येक जातीची वेगळी असते. ही पट्टिका माझ्याकडच्या एकाही पुस्तकात नव्हती. मी तीन दिवस शोधलं.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. बारा वर्षं शिकवत होते आणि माझ्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्याला दुसरं कारण नाही.

"परब, हा कुठे मिळाला?"

"आमच्या जुन्या खोलीत."

"वाकोल्याला?"

"नाय बाई. कांजूरक. कारखान्याच्या चाळीत."

परब अठरा वर्षं कांजूरमार्गला कपबशांच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. एकोणऐंशी साली कारखाना बंद पडला. त्याच्या मागे डोंगराला लागून कामगारांसाठी बारा खोल्यांची बैठी चाळ होती. वरचे दगड सुटायला लागले म्हणून ती रिकामी केली, आणि परब बायकोला घेऊन वाकोल्याला गेले. चाळ पाडायचं राहून गेलं.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही तिथे गेलो. खाडीचा वास येत होता. मुख्य रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू यायचा. दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या होत्या. आत जमिनीवर पांढऱ्या मातीचा बोटभर थर होता आणि त्यावर उंदराचंसुद्धा पाऊल उमटलेलं नव्हतं.

पहिल्याच खोलीत जाळं होतं, भिंतीला लागून, जमिनीपासून वीतभर उंचीवर. या कुळातल्या कोळ्यांची जाळी तळहाताएवढी असतात, फार तर रुमालाएवढी. हे मी टेपने मोजलं. लांबी एकशे साठ सेंटिमीटर, रुंदी एकावन्न. पुढच्या खोलीत एकशे पंचावन्न. चौथ्या खोलीत एकशे अठ्ठेचाळीस. सातव्या खोलीत फक्त ब्याऐंशी. बारापैकी नऊ खोल्यांत एकेक जाळं, सगळी त्याच उंचीवर, भिंतीच्या कडेनं. प्रत्येकाखाली एकच मादी. नर एकही नाही. कोळ्याच्या जाळ्यात नेहमी सापडतात ते माश्यांचे पंख, डासांची टरफलं, तसलं तिथे काहीच नव्हतं. ते काय खाऊन जगत होते ते मला समजलं नाही.

मी घाबरले नाही. उलट मला आनंद आवरत नव्हता.

मी एकेक मादी बाटलीत घेत गेले. सातव्या खोलीच्या दारात परब आडवे आले.

"हितला घेव नकात."

"का?"

"ऱ्हवांदे तां, बाई." ते त्या लहान जाळ्याकडे बघत नव्हते.

मी बाकीच्या आठ घेतल्या.

पुढच्या शनिवारी कॅमेरा घेऊन गेलो. जाळ्याचे धागे फोटोत दिसावेत म्हणून त्यावर मलमलीच्या फडक्यातून मक्याचं पीठ झाडतात. सुरुवात चौथ्या खोलीपासून केली, कारण तिथे उजेड बरा होता. ती परबांची जुनी खोली. मादी मी नेली होती तरी जाळं शाबूत होतं आणि त्याखाली दुसरी मादी आलेली होती.

पीठ हळूहळू धाग्यांवर बसलं. जाळं सपाट नव्हतं. एका टोकाला वाटीएवढा खळगा होता. त्यानंतर एक रुंद उतार, मग एक खोल भाग, आणि त्याच्यापुढे दोन लांबट खळगे, मधेच वाकलेले.

मी दोन फोटो काढले. मग कॅमेरा खाली केला.

"आये," परब मागून म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "डाव्या कुशीर निजायची. पाय पोटाशी, हात गालाखाली. ह्या भिंतीकडे अंथरूण असायचा तिचा. मी कामावरून आलो की 'माझो झील इलो' म्हणायची. चौऱ्याहत्तर साली एक दिवस दुपारची निजली ती उठलीच नाय."

भिंतीची ओल, वारा, धाग्यांचा कमी-जास्त ताण, असं बरंच मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. "असात," ते म्हणाले.

माझी अजून आठ जाळी बाकी होती. परबांना पहाटे चारला उठावं लागे. त्यांनी समोरच्या भिंतीशी, जिथे त्यांचं स्वतःचं अंथरूण असायचं, तिथे वर्तमानपत्र पसरलं आणि ते आडवे झाले. अर्ध्या तासानं मी त्यांना हाक मारली तेव्हा त्यांना उठायला वेळ लागला.

"काय झोप लागली बाई," ते म्हणाले. "इतकी बरी झोप किती वर्षांत नाय लागलेली."

दिवाळीच्या सुट्टीत मी वर्णनाचा कच्चा मसुदा लिहिला आणि दोन माद्यांसह कलकत्त्याच्या एका वृद्ध तज्ज्ञांकडे पाठवला. त्यांचं उत्तर महिन्याभरात आलं. जात नवी आहे, बहुधा तिच्या वरची प्रजातीही, म्हणजे जीनसही, नवी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते वाक्य दहा वेळा वाचलं. खाली दोन हरकती होत्या. नराशिवाय वर्णन छापू नये. आणि जाळ्याची मापं पुन्हा घ्यावीत, कारण सेंटिमीटर आणि मिलिमीटर यांची गल्लत झालेली दिसते. 'शिवाय जाळं मध्ये झुकलेलं आहे असं आपण लिहिता. झुकायला वजन लागतं. ते कशाचं, याचा उल्लेख नाही.'

म्हणून आम्ही पुन्हा गेलो.

चौथ्या खोलीत आता दोन जाळी होती.

दुसरं समोरच्या भिंतीशी होतं. वर्तमानपत्र अजून खालीच पडलेलं होतं आणि जाळं बरोबर त्याच्यावर विणलेलं होतं. नवं असल्यामुळे ते जास्त पांढरं दिसत होतं. लांबी एकशे अडुसष्ट. ते सपाट होतं, ताणून बसवलेलं. आणि त्याच्या कडेला, मादीपासून चार बोटांवर, एक नर लटकला होता. तोंडापाशी दोन गाठी असतात त्यावरून नर ओळखता येतो. मी बाटली पुढे केली तसा तो भिंतीच्या भेगेत शिरला. तासभर वाट पाहिली, पण तो बाहेर आला नाही.

निघताना परबांनी विचारलं, "लांबी किती म्हणालात?"

"एकशे अडुसष्ट."

त्यांनी मान हलवली. त्यांची उंची मला माहीत नव्हती. कॉलेजच्या नोकरीच्या कागदांत ती असणार. मी बघायला गेले नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवंतीबाई कॉलेजात आल्या. परबांची बायको. मी त्यांना त्याआधी एकदाच, गॅदरिंगला बघितलं होतं. परब बँकेत चलन भरायला गेले होते, ती वेळ साधून त्या आल्या होत्या. स्टाफरूममध्ये बसायला तयार होईनात. जिन्याखाली उभ्या राहूनच बोलल्या.

"बाई, ह्यांका तुम्ही खंय घेऊन जाता?"

मी सांगितलं. त्यांनी पदराचं टोक हातात गुंडाळून धरलं होतं.

"आमची खाट नवारीची हा. नवार सैल झालीहा, कोण बसला की पार जमिनीक टेकता. हे निजले की टेकत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे सरळ ऱ्हवता. वर कोण नसल्यासारखी." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "मी कोणाक सांगूक नाय. लोक माका येडी म्हणतीत."

मी त्यांना धीर दिला. नवार ओलीसुकी झाली की ताणते, असं काहीतरी बोलले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाकोल्याला गेले.

एक खोली, पोटमाळा, दाराशी मोरी. बाहेर नळावर बायकांचं भांडण चालू होतं. परब जेवून निजले होते. शेवंतीबाईंनी तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं.

परब उताणे झोपले होते. छाती वरखाली होत होती, तोंड किंचित उघडं होतं. मी वाकून खाटेखाली पाहिलं. नवारीच्या पट्ट्या एका रेषेत सरळ होत्या. एका पट्टीला मी खालून बोट लावलं. ती सैल होती, बोटानं वर उचलली गेली.

मग मी उशीकडे पाहिलं. परबांचं डोकं उशीवर होतं आणि उशीला कुठेही खळगा पडलेला नव्हता.

मी बाहेर येऊन मोरीपाशी उभी राहिले. शेवंतीबाईंनी तांब्या पुढे केला. पाणी पिताना मला एकच सुचत होतं, की यावर काहीतरी साधं स्पष्टीकरण असणार आणि ते मला आत्ता सुचत नाहीये.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासना. आधी थोडा थोडा. आता पुरा." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जागे असले की बरे असतंत. निजले की जातंत. खंय जातंत तां माका बघूचा हा."

दुसऱ्या दिवशी परब निजल्यावर आम्ही दोघी रिक्षा करून कांजूरला गेलो. तीन वाजून गेले होते. शेवंतीबाई ओसरीवरून सरळ चालत चौथ्या खोलीपाशी गेल्या. मी त्यांच्या मागे होते. माझ्या पर्समध्ये अल्कोहोलची बाटली होती. ती मी सवयीनं घेतली होती, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत असे.

खोलीत उजेड होता. पूर्वी झाडलेलं पीठ जुन्या जाळ्यावर तसंच होतं, आईचा तो डाव्या कुशीवरचा आकारही तसाच होता.

समोरचं नवं जाळं झुकलं होतं.

त्यावर पीठ टाकायची गरज नव्हती. डोकं, खांदे, पाठ, टाचा. उताणा माणूस. वर काहीही नव्हतं. जाळ्यावरून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

"शेवंतीबाई, चला," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. चेहरा जाळ्याजवळ नेऊन त्यांनी बघितलं.

"श्वास घेतंत," त्या म्हणाल्या.

मीही बघितलं. छातीच्या जागचा खळगा हळूहळू वर येत होता, थांबत होता, आणि पुन्हा खाली जात होता. मी घड्याळ पाहिलं. मिनिटाला चौदा.

नर तिथेच होता. गळ्याच्या जागी, धाग्याखाली, अगदी स्थिर. भेग तिथून हातभर लांब होती. यावेळी त्याला पळता आलं नसतं.

"हात लावू नकात," शेवंतीबाई म्हणाल्या.

मी बाटलीचं बूच काढलं.

"बाई. ते निजलेले आसत."

"मी जाळ्याला हात लावत नाही. फक्त तो नर."

बाटलीचं तोंड मी खालून वर नेलं. नर आत पडला. बूच लावताना माझ्या करंगळीला एक धागा चिकटला. मी हात मागे घेतला, तो जरा घाईनं.

जाळं डोक्याच्या बाजूनं सुटलं.

धागे खाली आले त्याचा आवाज झाला नाही. पण त्यांच्या मागून, रिकाम्या वर्तमानपत्रावर, धप्प असा आवाज झाला. झोपेत खाटेवरून पडलेल्या माणसाचा होतो तसा. पांढरी माती चहूकडे उडाली. माझ्या पायाखालची फरशी हलली.

शेवंतीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी माझा दंड धरला आणि दुसऱ्या भिंतीकडे बोट केलं.

जुनं जाळं वर येत होतं.

आधी गुडघे सपाट झाले. मग कंबर. मग खांदा. सगळ्यात शेवटी तो वाटीएवढा खळगा भरून आला. पीठ तेवढं खाली गळलं. जाळं ताणलेल्या चादरीसारखं सरळ झालं आणि तसंच राहिलं.

आम्ही पळालो.

रिक्षात शेवंतीबाई देवाचं नाव घेत होत्या. मी बाटली मुठीत घट्ट धरली होती. आम्ही वाकोल्याच्या गल्लीत शिरलो. आत काय दिसणार याची मी मनाशी तयारी केली होती.

परब खाटेवर बसून चहा पीत होते.

त्यांनी स्वतः केला होता. नवार त्यांच्याखाली जमिनीला टेकली होती. उशीला खोल खळगा पडलेला होता. शेवंतीबाई दारातच बसल्या आणि रडू लागल्या. परब एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "काय झाला?" ते म्हणाले. "बरी झोप लागली माका."

त्या दिवशी मी मुलुंडला घरी जाऊन देवापुढे दिवा लावला. मी एरवी लावत नाही.

नंतरचे दिवस चांगले गेले. परब वेळेवर येत होते, काचेची भांडी धूत होते, जेवत होते. त्यांचं वजन जरा वाढलेलंही वाटलं. ते थोडं वाकून, जपून चालू लागले होते, पण बावन्नाव्या वर्षी गुडघे दुखायचेच. नराची चित्रं काढून मी वर्णन पुरं केलं. जाळ्याच्या रकान्यात 'मापं अनिश्चित' असं लिहिलं. नव्या जातीला परबांचं नाव दिलं. त्यांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला, दोन्ही हात कपाळाला लावून, पुरुष करत नाहीत तसा.

जानेवारीत शेवंतीबाई रस्त्यात भेटल्या. बरे आहेत ना, असं मी विचारलं.

"बरे आसत," त्या म्हणाल्या. भाजीची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "मी आता खाली निजतंय." आणि त्या निघाल्या. का, ते मी विचारलं नाही.

चाळीत मी पुन्हा गेले नाही. फाटलेलं जाळं जमिनीवर, वर्तमानपत्रावर, आम्ही टाकून आलो होतो तसं पडलेलं असणार. त्याचा विचार मी करत नसे.

त्या महिन्याच्या अखेरीस एके दिवशी प्रॅक्टिकलचे पेपर तपासायला मी दुपारी थांबले होते. अडीच वाजले असतील. लॅबमध्ये ऊन आलं होतं. कलकत्त्याला जायचं पार्सल बांधून टेबलावर तयार होतं आणि ते पोस्टात टाकायला परब मागे थांबले होते. आवाज नाही म्हणून मी पाहिलं. बेसिनच्या बाजूच्या लाकडी बाकावर ते झोपले होते.

डाव्या कुशीवर. पाय पोटाशी घेतलेले. हात गालाखाली.

मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

"परब, पोस्ट बंद होईल."

त्यांनी डोळे उघडले. हलले मात्र नाहीत. मला ओळखत नसल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले, मग लॅबभर नजर फिरवली, खिडकीपर्यंत आणि परत. आवाज परबांचाच होता, फक्त फार हळू.

"गो बाय," ते म्हणाले, "माझो झील खंय गेलो?"